शिगोशीग भरलेली टाकी

जगात रितं असं काही असू शकतं, हे आमच्या सोलापूरच्या घरमालकांना मुळीच मान्य नव्हतं. भांडं म्हटलं की ते भरलेलं असायचं, आणि भरलेलं म्हणजे काठापर्यंत नव्हे, काठाच्या वर. त्यांच्या घरचा चहा कपात कमी आणि बशीत जास्त मिळे. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातून घेताना सदऱ्याची एक बाही भिजणार हे धरूनच चालावं लागे. जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटात शेंगाचटणीचा असा ढीग पडे की भाकरी कुठे आहे ते चाचपून पाहायचं. 'पुरे' म्हणून पुढे केलेला हात ते प्रेमानं बाजूला सारत आणि त्याच जागी आमटीचा आणखी एक डाव ओतत. आम्ही नवराबायको त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून आलो, तेव्हा त्यांनी कौतुकानं दोन उशा दिल्या होत्या. त्या त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेल्या होत्या. त्यांत कापूस इतका कोंबला होता की पहिला महिनाभर आम्ही दोघंही सकाळी उठल्यावर माळ्याकडे बघतच चालत होतो.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. उभा जन्म एका कापड गिरणीत विणकाम खात्यात काढून ते निवृत्त झाले होते. मूळ गाव वैरागकडचं, ज्वारीचं. भरून देण्याचं हे वेड त्यांनी तिथल्या खळ्यावरून आणलेलं होतं. त्यांचे वडील बलुतेदारांना माप घालताना पायली आधी हलवून घ्यायचे, धान्य खाली बसलं की वर आणखी ओतायचे, आणि मग दाणे चारी बाजूंनी घरंगळेपर्यंत शीग लावायचे. मी शाळामास्तर असल्यामुळे अण्णांना मला काही ना काही शिकवायची हौस होती. एकदा मी उसनी आणलेली साखर वाटी काठाशी सपाट करून परत केली, तर ते दुखावले. म्हणाले, "शीग लावली तर दिलं म्हनायचं, मास्तर. सपाट मापाला देनं न्हाय म्हनत, मोजनं म्हनतात." मी घरात जाऊन आणखी मूठभर साखर आणली. दुष्काळाचं साल सरून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्या सालातही, नळाला करंगळीएवढी धार असताना, दारी आलेल्या माणसाला त्यांनी तांब्या भरूनच दिला होता, असं काकी सांगायच्या. काकी म्हणजे त्यांची बायको. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार असायची, पण डोळ्यांत नसायची.

तर अशा माणसाकडे एक मोटार होती. काळी, जाड भुवयांची, स्वातंत्र्याच्या आधीची. गिरणीतला एक साहेब सोलापूर सोडून जाताना ती अण्णांच्या गळ्यात बांधून गेला होता. ते तिला 'म्हातारी' म्हणत. तिचा हॉर्न शेळीसारखा वाजे, उजवीकडचं दार आतून उघडत नसे आणि डावीकडचं बाहेरून. पण चालायची बिचारी. मधे पेट्रोलचे भाव असे भडकले की बऱ्याच लोकांनी गाड्या झाकून ठेवल्या. अण्णांनी उलट केलं. गाडी कमी काढायची, पण टाकी कायम भरलेली ठेवायची. "दारात रितं भांडं दिसू न्हाय," ते म्हणायचे, आणि म्हातारी हे त्यांच्या दारातलं सगळ्यांत मोठं भांडं होतं.

त्यांचं पेट्रोल भरणं हा बघण्यासारखा सोहळा असे. टाकी मागे, आणि तिचं तोंड डिकीच्या खालच्या अंगाला. पंपावरच्या माणसानं नळी बाहेर काढली की अण्णा म्हणायचे, "थांब, बसू दे." मग ते मागचा बंपर दोन्ही हातांनी धरून गाडी गदागदा हलवायचे. वडील पायली हलवायचे, अगदी तशी. आतलं पेट्रोल डुचमळून खाली बसलं की, "घाल आता." पुन्हा हलवायचं, पुन्हा घालायचं. मागे उभी असलेली मंडळी आपली पाळी लवकर यावी म्हणून उतरून हातभार लावत. शेवटी तोंडाशी पेट्रोल लकाकताना दिसलं, की अण्णा झाकण असं हळूच लावत, जणू आत कुणी झोपलंय.

पुढची गोष्ट त्यांच्या सुमनच्या लग्नाची. सुमन ही एकुलती एक लेक. मॅट्रिक झालेली, उंच, बोलायला तिखट. बापलेकीचं एक वेगळंच जग होतं आणि ते बहुतेक वेळा म्हातारीच्या खाली असे. बॉनेट उघडून अण्णा आत वाकले की ते न बघता एक हात मागे करत, आणि त्या हातात सुमन न विचारता पाना ठेवी. कितीचा पाना, हे ती बापाच्या नुसत्या हुंकारावरून ओळखायची. माझी बायको म्हणायची, "ह्यांच्यात बोलणं कमी आणि पाने जास्त." सुमनचं लग्न ठरलं सांगोल्याला, मेंढरं आणि कोरडवाहू शेती असलेल्या एका भल्या घरात. ठरल्याबरोबर अण्णांनी बैठकीतच जाहीर केलं, "लेकीला म्हातारीतनंच धाडनार. आन् गाडी मी चालवनार." व्याही म्हणाले, जीप आणतो की आमी. अण्णा नुसते हसले.

आता लग्नघर म्हटलं की अंगण बायकांचं. कडुलिंबाच्या झाडाखालची गार सावली गहू निवडायला, शेवया वळायला, हसायला आणि मधूनच रडायला हवी होती. म्हातारी वर्षानुवर्षं त्या सावलीत उभी असायची. बायकांनी तिला हुसकलं. अण्णांनी ती ढकलत आणून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी केली, भर उन्हात. सोलापूरचं चैत्रातलं ऊन ज्यानं सोसलंय त्याला त्याचं वर्णन नको, आणि ज्यानं सोसलं नाही त्याला ते सांगून पटायचं नाही. दोनचार दिवसांनी दुपारी माझी बायको भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "अहो, भाकरीला पेट्रोलचा वास येतोय." मी खिडकीतून वाकून पाहिलं. म्हातारीच्या पोटाखाली जमिनीवर एक ओला डाग होता, आणि त्यावर सावकाश, विचार करून करून थेंब पडत होता. आमचा पेटलेला स्टो तिथून दोन हातांवर. मी तो कसा विझवला आणि कुठल्या दारानं बाहेर पळालो, हे बायको अजून चारचौघांत साभिनय सांगते.

त्या दिवसापासून अण्णांनी वाड्यात मार्शल लॉ पुकारला. सूर्य डोक्यावर यायच्या आत चुली आणि स्टो विझले पाहिजेत. दारात येणाऱ्या प्रत्येकाची काडेपेटी जप्त. वाजंत्रीवाला सुपारी घ्यायला आला, त्यानं कानावरची विडी काढली मात्र, अण्णा धोतर सावरत असे धावले की तो बिचारा सुपारी न घेताच पळाला आणि त्याला परत आणायला सुमनला सायकल काढावी लागली. आम्ही शिळ्या भाकऱ्या आणि दही यांवर आलो. काकींनी हे थोडे दिवस चालू दिलं. मग एका सकाळी तुळशीपाशी उभ्या राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "अवं, आयका. मांडवात व्होम हाय, पलिते हायती, आन् तुमी ह्या गळक्या गाडीत पोरीला बसवनार? हळदीच्या आदी गळती सापडली तर ठीक. न्हायतर सांगोल्याची जीप यील आन् पोरगी जीपमदनं जाईल. मग तुमी आन् तुमची म्हातारी, बसा एकमेकाकडं बगत." काकी एरवी फार बोलत नसत, त्यामुळे त्या बोलल्या की तो निकाल असे.

अण्णा शोधाला लागले. गाडी मेस्त्रीकडे टाकायची सूचना मी केली, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काकींना भाड्यानं द्यायला सांगितलं होतं. पहिला शोध नाकानं झाला. डोळे मिटून, दोन्ही हात मागे बांधून, ते गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचे आणि मधेच थबकून दीर्घ श्वास घ्यायचे. पण त्या उन्हात सगळ्या गाडीलाच वास. मग त्यांच्यातला गिरणीवाला जागा झाला. मागावर सूत तुटलं की ते कुठे तुटलं हे त्यांच्या बोटांना कळायचं, तसं पेट्रोलची नळी टाकीपासून इंजिनापर्यंत चाचपून त्यांनी निदान केलं की गळती मधल्या सांध्यात आहे. थेंबही बरोबर त्या सांध्याखालीच पडत होता. मग सांध्यावर कपडे धुण्याचा पिवळा साबण चोपडला, वर खळ दिलेलं सूत करकचून गुंडाळलं, पुन्हा साबण, पुन्हा सूत. दुसऱ्या दुपारी थेंब पुन्हा हजर. मग पुढचा सांधा, मग मागचा. आठवडाभरात त्या नळीवर इतकं सूत चढलं की सुमन म्हणाली, "अण्णा, अजून थोडं गुंडाळा की. मंग चादरच विनून काडू." काकी धुण्याच्या दगडाशी साबण शोधत होत्या.

पीठ लावून पाहायची युक्तीही त्यांचीच. कोरडं पीठ भुरभुरलं की जिथे ओलं होईल तिथे गळती. युक्ती चांगली होती, पण पीठ ज्वारीचं होतं, आणि गल्लीतल्या कोंबड्यांना गाडीखाली सदावर्त लागल्याचं अर्ध्या तासात कळलं. कुठे ओलं झालं होतं ते फक्त कोंबड्यांना ठाऊक. त्यानंतर त्यांनी प्रत्येक सांध्याखाली एकेक भांडं मांडायचं ठरवलं, म्हणजे ज्यात पेट्रोल पडेल तो सांधा गुन्हेगार. भांडी सारख्या मापाची हवीत, असं त्यांच्या शास्त्रीय बुद्धीला वाटलं. सारख्या मापाच्या वाट्या घरात एकाच ठिकाणी होत्या. दुपारी काकी रुखवताची मांडामांड करायला बसल्या, तर वाट्यांचा नवा कोरा संच गायब! तो म्हातारीच्या पोटाखाली पंगतीला बसलेला सापडला, आणि मधली वाटी नेमकी काठोकाठ भरलेली होती. अण्णा त्या संतापाच्या भडिमारातही आनंदानं ओरडले, "मधलाच सांदा! म्हनलं न्हवतं?" त्या वाट्या चिंच, राख, रिठा सगळं लावून घासल्या. पुढे सांगोल्याच्या पाहुण्यांना त्यांत श्रीखंड वाढलं, तेव्हा एकानं वेलदोड्याची फार तारीफ केली म्हणतात.

शेवटी काकींनीच एका मेस्त्रीला बोलावणं धाडलं. उन्हात कोण येणार? तो दिवे लागायच्या सुमारास आला, गाडीखाली गेला, सगळीकडून हात फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "अण्णा, कायकू परेशान होते? सब सुकाच है." खरंच, संध्याकाळी एक थेंब पडत नसे. अण्णांनी गाडी काढून त्याला तळ्यापर्यंत फिरवून आणलं, तेव्हाही नाही. मेस्त्री गेला. गाडी पुन्हा खिडकीशी लागली, आणि अण्णांनी रोजच्याप्रमाणे कॅन आणून दुपारी गळलेलं आणि फेरीत जळलेलं पेट्रोल टाकीत भरून काढलं. बंपर हलवून, बसवून, पुन्हा भरून. दुसऱ्या दुपारी थेंब परत सुरू. "मानूस बगून गळती ती," अण्णा हताशपणे म्हणाले. "परक्यासमोर लाजती."

हळद जवळ आली. सांगोल्याच्या जीपला होकार कळवायचं काकींनी नक्की केलं. संध्याकाळी मी शाळेतून आलो तर ते म्हातारीच्या पायरीवर एकटेच बसलेले. मी म्हटलं, "अण्णा, जीप तर जीप. सुमन सुखरूप पोचली म्हणजे झालं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" ते हातातला पाना उलटासुलटा करत म्हणाले, "मास्तर, तुमाला रीत ठावं हाय का आमची? पाटवनीला पोरीच्या बापानं जायाचं नसतं. पाटराखीन जाती, भाऊ असला तर जातू. बाप मांडवाच्या दारात हुबा. हात जोडायचे आन् मागं फिरायचं." त्यांनी पान्यानं म्हातारीच्या दारावर हलकेच ठोकलं. "पन डायव्हरला कोन आडवतंय? गाडी हाय म्हनल्यावर डायव्हर लागतूयच की. सांगूल्यापत्तूर माज्या मागं बसली आसती पोरगी. लई न्हाय, तेवडंच."

एवढा मोठा, सगळ्यांच्या ताटात ढीग वाढणारा माणूस, आणि स्वतःसाठी मागून मागून काय मागत होता, तर सांगोल्यापर्यंतचा रस्ता. मी घरात येऊन बायकोला सांगितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या भाकरीबद्दल चकार शब्द काढला नाही.

गळती सापडली ती लोणच्यामुळे. सुमनबरोबर द्यायचं लिंबाचं लोणचं काकींनी घातलं होतं, पण बरणीत भरायचं काम अण्णांनी हट्टानं स्वतःकडे घेतलं. "लेकीची बरनी हाय. मी भरनार." काकी 'चार बोटं जागा ठेवा' म्हणून ओरडेपर्यंत फोडी बरणीच्या गळ्यातून वर डोकावत होत्या. वर दादरा बांधला आणि ऊन दाखवायला बरणी आमच्या खिडकीशेजारच्या पायऱ्यांवर, सगळ्यांत वरच्या पायरीच्या टोकाला ठेवली. दुपारी काकी किंचाळल्या. खालच्या पायरीवर, बरणीपासून चांगलं दूर, खाराचं थारोळं साचलं होतं आणि मुंग्यांची जत्रा भरली होती. "बरनीला चीर गेली वाटतं बया!" म्हणत काकींनी बरणी उचलली, फिरवून पाहिली. चीर कुठेच नव्हती. उन्हानं आतला खार चढला होता, दादऱ्यातून बाहेर आला होता, बरणीच्या पाठीवरून गुपचूप उतरून पायरीच्या उताराला लागला होता, आणि पार टोकाला जाऊन ठिबकत होता.

सुमन तिथेच उभी होती, गाडीखालून नुकतीच बाहेर आलेली, गालाला काळं लागलेलं. तिनं बरणीकडे पाहिलं. मग पायरीकडे. मग म्हातारीकडे. ती गाडीच्या मागे गेली, टाकीच्या झाकणाखाली बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. तिथून खाली, टाकीच्या पाठीवरून, सांगाड्याच्या पट्टीवरून तिनं बोट तसंच ओढत नेलं, उतारानं पुढे पुढे, थेट त्या सूत गुंडाळलेल्या मधल्या सांध्यापर्यंत. सगळा माग ओला होता. वाहत आलेलं पेट्रोल तिथे सुताच्या गाठीला अडून खाली पडत होतं. सुमन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "गाडीला काय बी झालेलं न्हाय. तुमाला झालंय."

आधी अण्णांना ते पटेना. भरल्यानं भांडं गळतं, ही गोष्ट त्यांच्या कुळात कुणी ऐकलेली नव्हती. "वर्साची वर्सं भरतूय मी, कवा गळली का?" "कवा उन्हात हुबी केली हुती का?" सुमननं विचारलं. अण्णांनी लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. तिथे बायका शेवया ठेवून हा खटला ऐकत बसल्या होत्या. कॅन आणला गेला आणि टाकीतून बोटभर पेट्रोल काढलं गेलं. एखाद्याच्या अंगातलं रक्त काढताना नातेवाईक बघतात तसे अण्णा बघत होते. दुसऱ्या दुपारी अख्खा वाडा म्हातारीभोवती उकिडवा बसला. मी शाळेला दांडी मारली होती. ऊन डोक्यावर आलं, कललं, लिंबाची सावली पार भिंतीपर्यंत गेली. म्हातारीखालची जमीन खडखडीत कोरडी. माझ्या बायकोनं टाळ्या वाजवल्या, आणि काकींनी देवापुढे ठेवलेली साखर आणून सगळ्यांच्या हातावर घातली. अण्णांच्या हातावर घालताना त्या म्हणाल्या, "जीप नको म्हनून सांगा त्यास्नी." एवढंच म्हणाल्या, पण वळताना हसल्या.

आता उरला पंप. लग्नाच्या सकाळी अण्णा मला बरोबर घेऊन गेले. पंपावरचा माणूस पेट्रोल घालून झाल्यावर सवयीनं गाडी हलवायला पुढे आला. अण्णांनी त्याला थांबवलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आयुष्यभर ज्यानं परक्याला सपाट माप दिलं नाही, तो आज लेकीला सासरी धाडायला टाकी रिती ठेवणार होता. सुमननं सकाळी हळदीच्या हातानं त्यांना बजावून पाठवलं होतं, "बोटभर जागा ठिवा, अण्णा. ऊन लागलं की पेट्रोलला बी हातपाय पसरायला जागा लागती की." अण्णांनी टाकीच्या तोंडात आपलं बोट घातलं, पेरापर्यंत, आणखी थोडं. नळी पुन्हा आत जायला लागली तेव्हा तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "बास." पंपावरच्या माणसानं मला बाजूला घेऊन विचारलं, "अण्णांची तब्येत बरी हाय न्हवं?"

पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता. काकी, शेजारणी, माझी बायको, इतकंच काय, तो विडीवाला वाजंत्रीसुद्धा सनई काढून डोळे पुसत होता. कोरड्या डोळ्यांचा माणूस एकच, आणि तो स्टिअरिंगवर बसलेला. त्यांनी नवा फेटा उतरवून गिरणीतला जुना खाकी कोट चढवला होता. व्याही गडबडले. "आवो, तुमी कुटं? तुमी हितंच थांबायचं असतंय." अण्णा समोर बघत म्हणाले, "मी डायव्हर हाय. बसा पटापटा, ऊन चडतंय." मांडव रडता रडता हसला. सुमन मागे बसली, नवरदेव बसला, पाठराखीण बसली, मांडीवर लोणच्याची बरणी. ती आता चार बोटं कमी भरलेली. म्हातारी शेळीसारखी ओरडली आणि निघाली. वळणावर मी पाहिलं. अण्णांचा डावा हात सीटच्या मागे गेला होता, पाना मागायला जायचा तसा, आणि त्यात सुमनचा हिरव्या चुड्याचा हात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटे परत आले. गाडी आमच्या खिडकीशी उन्हातच लावली. लिंबाखालची सावली आता मोकळी होती, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. उतरून खाली वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "थेंब न्हाय, मास्तर," ते मला म्हणाले. त्या आवाजात आनंद मला शोधूनही सापडला नाही. मग काकींनी चहा केला आणि अण्णांनी आपल्या हातानं माझ्या कपात ओतला. कप काठाच्या एक बोट खाली राहिला. बशी कोरडी होती.

पुढचे महिने तसेच गेले. टाकीत बोटभर जागा, तांब्यात बोटभर जागा. आम्हाला दुपारी सुखानं स्टो पेटवता यायला लागला आणि त्या सुखाचं आम्हा दोघांनाही काही वाटेना. मग आश्विन आला. पावसानंतरचं ते दुसरं ऊन सोलापुरात चैत्राला लाजवतं. एका दुपारी मी खोलीत वह्या तपासत होतो आणि माझी बायको भाकरी थापत होती. थापता थापता ती थांबली. तिनं नाक वर केलं. मलाही आला तो वास. खिडकीतून पाहिलं तर म्हातारी धुऊनपुसून उन्हात उभी, झाकणाशी पेट्रोल लकाकतंय, आणि पोटाखाली सावकाश, विचार करून करून थेंब पडतोय. काकी दारातच बसल्या होत्या. त्यांनी तो थेंब पाहिला, आणि दुसरीकडे मान वळवून लसूण सोलत राहिल्या.

"अगं, स्टो!" मी ओरडलो.

बायकोनं शांतपणे स्टो विझवला. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलेलं होतं. म्हणाली, "उद्या सुमनला आणायला जाणार वाटतं, दिवाळसणाला."

आता सोलापूर सुटून खूप वर्षं झाली. अण्णाही नाहीत आणि म्हातारीही नाही. पण अजून कधी भर उन्हात चालताना कुठूनतरी पेट्रोलचा वास आला, की माझी बायको माझा हात धरून थांबवते आणि म्हणते, "कुणाची तरी लेक येतेय, अहो." आणि मग आम्ही दोघं, उगाचच, थोडा वेळ तिथे उभे राहतो.